अधिक वसंत

तिथं पोचल्यावर ‘हायकू’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. कुणाला कळायचा नाही. तो रूढ होईल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मासाओका शिकी या कवीमुळे. ‘किगो’ म्हणजे ऋतुशब्द, तोही गिळून टाका. तो तर १९०८ सालचा. तुम्ही चालला आहात १६८६मध्ये. तिथली मंडळी सतरा अक्षरांच्या त्या कवितेला ‘होक्कू’ म्हणतात आणि ऋतुशब्दाला ‘कि नो कोतोबा’. ऋतूचा शब्द, बस.

खरं तर बोलूच नका. जपान परक्यांना बंद आहे. डच व्यापारी दूर नागासाकीला देजिमा बेटावर कोंडल्यासारखे राहतात, आणि एदो शहराच्या कडेच्या दलदलीत मराठी माणूस सापडणं कुणाच्याच सोयीचं नाही. तेव्हा तुम्ही कुणाला दिसत नाही आणि तुम्हाला मात्र सगळं समजतं, असं धरून चालू. (घरी या क्षणी संभाजी महाराज गादीवर आहेत आणि औरंगजेबाच्या फौजा विजापूरला वेढा घालून बसल्या आहेत. इथं कुणाला त्याचा पत्ता नाही.)

पायाखाली चिखल आहे. सुमिदा नदीच्या पूर्वेला भर घालून काढलेली ही सखल जमीन, फुकागावा तिचं नाव. कालव्यांतून भरतीचा खारट वास येतो. साम्पू नावाच्या मासळीच्या व्यापाऱ्याची इथं तळी आहेत, मासे जिवंत ठेवायची. त्यांच्या जवळ एक शाकारलेली झोपडी, आणि झोपडीच्या दारात केळ.

हो, केळ. एका शिष्यानं १६८१ साली लावून दिलेली. तिच्या ‘बाशो’ या नावावरून लोक आधी झोपडीला आणि मग झोपडीतल्या माणसाला बाशो म्हणू लागले. पहिली झोपडी मोठ्या आगीत गेली. ही शिष्यांनी वर्गणी काढून पुन्हा उभारलेली. या जातीच्या केळीला खाण्याजोगं फळ धरत नाही. कोकणातला माणूस विचारील, मग ठेवायची कशाला? बाशोला ती आवडते ती नेमकी त्याचसाठी, निरुपयोगी म्हणून, आणि वाऱ्यानं फाटणाऱ्या तिच्या पानांसाठी. आत खांबाला वाळवलेला भोपळा टांगला आहे. शिष्य येता-जाता त्यात तांदूळ ओतून जातात. कवीचं उत्पन्न ते एवढं.

आजची तिथी सांगतो. महिना यायोई, म्हणजे तिसरा. तिसरा तर मागच्या अमावास्येलाच संपला, असं तुम्ही म्हणाल. संपला. हा दुसरा तिसरा, अधिकाचा. जुनं जपानी पंचांग आपल्यासारखंच चंद्र-सूर्य दोघांना सांभाळणारं; दर अडीच-तीन वर्षांनी एक महिना जादा घालायचा आणि मागे पडलेल्या चंद्राला सूर्याच्या जोडीला आणून उभं करायचं. फरक इतकाच की आपल्याकडे अधिक आधी येतो आणि निज मागून, इथं निज आधी आणि अधिक मागून. पहिला, दुसरा, तिसरा हे वसंताचे महिने. म्हणून १६८६चा वसंत चार महिन्यांचा आहे. सूर्याच्या हिशेबानं या अधिक महिन्याच्या मध्यावरच उन्हाळा लागतो, तरी चंद्राच्या हिशेबानं महिना संपेपर्यंत वसंत. हे हिशेबही ताजे आहेत. आठशेहून अधिक वर्षं चालवलेलं जुनं चिनी पंचांग दोन दिवस चुकायला लागलं, म्हणून शिबुकावा शुन्काई या ज्योतिष्याचं नवं पंचांग गेल्याच वर्षी, १६८५मध्ये, लागू झालं.

चेरी केव्हाच झडून गेली. आता बेडकांचे दिवस आहेत, आणि आत त्यांचीच झुंज लावायची आहे.

दार सरकवून आत या, कोपरा धरा. जुन्या काळी दरबारात कवितांची डावी-उजवी बाजू पाडून सामने लावत; सरदारांचा खेळ, मोठ्या मानाचा. त्याच मानापानात इथं बेडूक उतरवले आहेत. वीस जोड्या, चाळीस होक्कू, प्रत्येकात एक बेडूक. निवाडा एकट्या पंचाचा नाही, जमलेल्या मंडळींनी मिळून करायचा. संग्रह काढायचं काम सेन्का या शिष्याकडे. या अधिक महिन्याची तारीख घालूनच तो छापला जाईल. बाशो बेचाळिशीचा, भिक्षूसारखं डोकं केलेला, भिक्षू नसलेला. त्याच्या शेजारी वैद्याचा मुलगा किकाकु, पंचविशीचा, हुशार, पिण्यात आणि शब्दांत सारखाच सैल.

तेवढ्यात पाऊस येतो. चांगला जोरात, केळीच्या पानांवर ताडताड. आता पाहा, कुणाचाही कुंचला त्या जोराकडे वळत नाही. वसंताचा पाऊस म्हणजे ‘हारुसामे’, आणि हारुसामे कसा पडतो हे ठरलेलं आहे: बारीक, हळू, न थांबता. शंभर वर्षांपूर्वी जोहा नावाच्या रेंगाच्या, म्हणजे साखळी-कवितेच्या, गुरूनं तोयोतोमी हिदेयोशीसारख्या सत्ताधीशासाठी एक पुस्तिका लिहिली, तीत हे सरळ बजावलं आहे. वसंतात वादळवारा सुटतो, मुसळधार पाऊसही होतो, पण कवितेत वारा आणि पाऊस दोन्ही शांतच असले पाहिजेत. याला ते त्या शब्दाचा ‘होन-इ’ म्हणतात, शब्दाचं मूळ मन म्हणू या. बाशोचे शिष्य तर पुढे जाऊन ‘हारुसामे’ आणि ‘हारु नो आमे’ यांतही फरक करतात, दोहोंचा अर्थ वसंताचा पाऊसच असताना. दुसरा वर्षाच्या आरंभीचा. पहिला त्यानंतरचा, दिवसचे दिवस लागून राहणारा.

तुम्हाला हे खोटं वाटेल. मलाही वाटलं होतं. आपण शाळेत शिकलो की कवीनं डोळ्यांनी पाहावं आणि लिहावं. इथं डोळ्यांआधी शब्द येतो, आणि शब्दात शेकडो वर्षांचे पाऊस आधीच पडून गेलेले असतात. अशा ऋतुशब्दांच्या यादीवर नजर टाकली तर डोकं गरगरतं. दिवसाचं धुकं वसंतातलं असेल तर ‘कासुमी’, शरदातलं असेल तर ‘किरी’. रात्री वसंताचा चंद्र विरघळल्यासारखा दिसतो तो ‘ओबोरो’. नुसता ‘चंद्र’ म्हटलं तर तो शरदाचा. नुसतं ‘फूल’ म्हटलं तर ते चेरीचं, दुसरं कुठलंही नव्हे. ‘मोठा दिवस’ वसंताचा शब्द आहे. घड्याळ लावून पाहिलं तर सर्वांत मोठा दिवस उन्हाळ्यात पडतो, हे त्यांनाही कळतं. पण उन्हाळ्याला त्यांनी ‘छोटी रात्र’ दिली, शरदाला ‘मोठी रात्र’, हिवाळ्याला ‘छोटा दिवस’. थंडीतून बाहेर आल्यावर संध्याकाळ लांबलीय हे माणसाला प्रथम जाणवतं ते वसंतात. वाटणी जाणिवेप्रमाणे केली आहे, मिनिटांप्रमाणे नाही. आणि ‘कासव ओरडतं’ हाही वसंताचा शब्द. कासवाला कंठ नाही. ‘ससाण्याचं कबूतर होतं’ हाही, जुन्या चिनी पंचांगातून जसाच्या तसा उचललेला. ‘डोंगर हसतो’ हा सुंग काळातल्या गुओ शी या चित्रकाराच्या शब्दांतून आलेला. वसंत म्हटला की एवढा सगळा संसार दाराशी येतो.

आणि बेडूक? त्याच्यासाठी ७८१ वर्षं मागे जावं लागेल. फार वेळ नाही लागायचा.

क्योतो, ९०५ साल. सम्राटाच्या आज्ञेनं ‘कोकिनशू’ हा संग्रह बांधला जातोय. ऋतूंचे सहा खंड: वसंताला दोन, शरदाला दोन, उन्हाळा-हिवाळ्याला एकेक. पक्षपात उघड आहे. अगदी पहिली कविता पंचांगाच्या पेचावर आहे, सौर वसंत जुनं वर्ष संपायच्या आधीच येऊन टपकला तर त्या दिवसांना काय म्हणायचं. (१८९८मध्ये शिकी या कवितेची यथेच्छ खिल्ली उडवील. अधिक महिन्यासह पंचांग वापरणाऱ्या मराठी घरातल्या आजीला मात्र तो प्रश्न मुळीच पोरकट वाटणार नाही.) संपादकांपैकी की नो त्सुरायुकी प्रस्तावना लिहितोय, चिनीत नव्हे, जपानी लिपीत. त्यात तो गाणाऱ्यांची एक जोडी लावून देतो: फुलांतला उगुइसु आणि पाण्यातला बेडूक. उगुइसु हा चिमणीएवढा मळकट हिरवा पक्षी. इंग्रजीवाटे आलेल्या अनुवादांत त्याचा उगीच नाइटिंगेल होतो. पण आपलं लक्ष बेडकाकडे. त्सुरायुकीच्या त्या जोडीनं बेडूक गवई ठरला. क्योतोच्या दक्षिणेला इदे नावाचं गाव, तिथं ओढ्याकाठी यामाबुकीची पिवळी फुलं. कवींनी बेडूक तिथं नेऊन बसवला. पुढची सातशे-आठशे वर्षं तो यामाबुकीखाली बसून गातो. जिथं बेडूक तिथं गाणं, जिथं गाणं तिथं पिवळं फूल. आपल्याकडे मोहराआड कोकिळा असते तशी.

परत फुकागावाला या. पाऊस ओसरलाय. बाशोच्या मनात होक्कूचा शेवटचा भाग तयार आहे, पहिली पाच अक्षरं सुचायची आहेत. किकाकु म्हणतो, ‘यामाबुकी’ घाला.

पुस्तकांत किकाकुला इथं थोडं हसतात. मला ते पटत नाही. सूचना अडाण्याची नाही, पढिकाची आहे. ७८१ वर्षांचा बेडूक त्यानं एका शब्दात जागेवर आणून बसवला. शिवाय गंमतही साधली असती, कारण बाशोच्या ओळीतला बेडूक गातच नाही. तो पाण्यात उडी मारतो. यामाबुकी ऐकून कान गाण्यासाठी टवकारायचे आणि ऐकू यायचा तो भलताच आवाज. पण बाशो फूल नाकारतो आणि जुनं तळं घेतो. रंग गेला, इदे गेलं, त्सुरायुकी मात्र गेला नाही. बेडूक गवई आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसेल तर त्याच्या न गाण्याला काही अर्थच उरत नाही. वारसा खांद्यावर घेऊनच तो उडी मारतो. सामन्यात पहिल्या जोडीत डावीकडे हा बेडूक, उजवीकडे सेन्काचा.

एक कबुली द्यायला हवी. किकाकुची ही हकिकत आपल्याला सांगतो शिको नावाचा शिष्य, १६९२मध्ये. तो बाशोकडे आला १६९०ला. म्हणजे आज या खोलीत तो नाही. तुम्ही आहात, तेव्हा तुमची साक्ष त्याच्यापेक्षा वरचढ मानायला हरकत नसावी.

चला, अजून चार वर्षं पुढे. १६९०, तिसऱ्या महिन्याची अखेर, ओमी प्रांत. समोर बिवा सरोवर. कारासाकीच्या किनाऱ्यापासून होडी सुटली आहे, वल्ह्याचं पाणी हातावर उडतं, कोमट. पलीकडचा काठ दिसत नाही, कासुमीत गेलाय. या सरोवराकाठी ओत्सूला सातव्या शतकात काही वर्षं राजधानी होती. ती उजाड झाल्यावर कवींनी तिच्यावर इतकं लिहिलं की इथल्या लाटांचा आवाजसुद्धा कुणीतरी आधी ऐकून ठेवलेला आहे. होडीतली माणसं फार बोलत नाहीत. वसंत निघालाय. ‘युकु हारु’, जाणारा वसंत, हाच आजचा शब्द, आणि बाशो त्याला ओमीच्या माणसांशी जोडून होक्कू करतो.

खरी मजा नंतर होते. ओत्सूचा वैद्य शोहाकु, स्वतः बाशोचा शिष्य, आक्षेप घेतो: ओमीच्या जागी ताम्बा प्रांत घातला तर काय बिघडतं? आणि जाणाऱ्या वसंताच्या जागी जाणारं वर्ष घातलं तर? शब्द बदलूनही कविता उभी राहत असेल तर तो शब्द तिथं रुजलेला नाही, नुसता ठेवलेला आहे. त्यांच्या भाषेत असा शब्द ‘हलतो’. वाचकाच्या हातात देण्याजोगं यापेक्षा तल्लख हत्यार मला माहीत नाही. मराठीतल्या कुठल्याही वसंत-कवितेवर चालवून पाहा. कोकिळेच्या जागी पोपट बसवा आणि बघा काही हलतं का. बऱ्याचदा काहीच हलत नाही, म्हणजे सगळंच हलतं.

बाशो हा आक्षेप क्योराइ या शिष्यापुढे ठेवतो, तुझं काय मत म्हणून. क्योराइ म्हणतो, शोहाकु चुकतोय. सरोवर असं धुकटलेलं असताना वसंताची हळहळ वाटणं इथंच साजतं. बाशो मान हलवतो, आणि भर घालतो: जुन्या लोकांचा या प्रांतातल्या वसंतावर राजधानीतल्या वसंताइतकाच जीव होता. लक्षात घ्या, एकानं समोरचं धुकं पुरावा म्हणून दिलं, दुसऱ्यानं मेलेले कवी. दोन्ही लागतात. वर्षअखेरीला ओमीत असता तर ही हळहळ आली नसती, वसंतअखेरीला ताम्बात असता तरी नसती. शब्द, जागा आणि वेळ एकमेकांत अडकले की ओळ हलत नाही.

हे सगळं क्योराइनं लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. त्याच्याच टिपणांत बाशोचं आणखी एक बोलणं आहे, याहून मोलाचं वाटणारं: ऋतूचा एखादा नवा शब्द शोधून काढता आला तर मागून येणाऱ्यांना ती चांगली भेट होईल. म्हणजे यादी बंद नाही. नियमांच्या एवढ्या जाळ्यात बसलेला माणूस दार किलकिलं ठेवून आहे.

आता एकदम १ जानेवारी १८७३. तोक्यो, जिला तुम्ही एदो म्हणून ओळखता. थंडीनं बोटं वाकत नाहीत. आज नववर्ष आहे, असा हुकूम आहे. जुन्या गणनेनं काल बाराव्या महिन्याची दुसरी तारीख होती. तिसरी उजाडलीच नाही, तिच्या जागी नवं वर्ष उजाडलं. लोकांना नोटीस मिळाली ती महिन्याहून कमी. कारण काय? पाश्चात्त्य जगाबरोबर चालायचं, हे तर आहेच. पण तेव्हाचा मंत्री ओकुमा शिगेनोबू यानं पुढे आठवणींत दुसरं कारण सांगून टाकलं: जुनं पंचांग ठेवलं असतं तर या वर्षी अधिक महिना आला असता, आणि सरकारी नोकरांना तेरा पगार द्यावे लागले असते. तिजोरीत खडखडाट होता.

पगार वाचला आणि वसंत उसवला. आजवर नववर्ष आणि वसंत हातात हात घालून यायचे. आता नववर्ष हाडं गोठवणाऱ्या थंडीत, फुलांपासून दोन-तीन महिने दूर. ऋतुशब्दांचे कोश करणाऱ्यांनी, त्यांना ‘साइजिकी’ म्हणतात, शेवटी नववर्ष हा पाचवा ऋतूच मानून टाकला. वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा आणि नववर्ष. शुभेच्छापत्रांवर मात्र जपानी माणूस आजही जानेवारीच्या पहिल्या तारखेला वसंताचं स्वागत करतो, बाहेर बर्फ पडत असला तरी.

आणि आपल्याकडे? मराठीत हायकू रुजवला शिरीष पै यांनी. तीन ओळी आल्या, क्षण आला, ऋतुशब्दाची सक्ती मात्र समुद्र ओलांडताना मागे राहिली. राहणारच. कासवाच्या ओरडण्यावर अख्ख्या गावाची सही लागते, तशी सही आपण कुणी केलेली नव्हती.

शेवटचा मुक्काम तोच, फुकागावा, पण एप्रिलमधला, आपल्या काळातला. चिखल नाही, डांबर आहे. आता तुम्ही दिसता. कुणी वळून बघत नाही. १९१७ साली इथं समुद्राचं पाणी चढलं, त्यानंतर मातीत दगडाचा एक बेडूक सापडला, बाशोच्या आवडीचा होता असं सांगतात. त्या जागी छोटं इनारी देऊळ आहे. जवळच १९८१ साली उघडलेलं बाशोचं स्मारक-संग्रहालय, आणि त्यात तो बेडूक. ओबडधोबड आहे. डोळे जरा वर.

तुमच्या पिशवीत साइजिकीचा वसंताचा भाग आहे. तिथल्याच बाकावर बसून चाळा. कासुमी आहे, युकु हारु आहे, कासव अजून ओरडतंय. झोपाळा वसंताचा, साबणाचे फुगे वसंताचे, हवेचे फुगेही. मग एका पानावर ‘काफुनशो’: परागकणांची ॲलर्जी. दुसऱ्या महायुद्धानंतर डोंगरांवर ‘सुगी’ या सूचिपर्णी झाडाची सरसकट लागवड झाली, झाडं मोठी झाली, आणि दर वसंतात शहरांचे डोळे लाल व्हायला लागले. कुणीतरी तो शब्द हायकूत बसवला, दुसऱ्यानं पुन्हा वापरला, कोशकारांनी नोंदवला. मागून येणाऱ्यांना भेट.

संग्रहालयाच्या दारातून मास्क लावलेली एक वृद्ध बाई येते, दगडी बेडकासमोर थांबते, मास्क खाली करते आणि जोरात शिंकते.